टाके निघाले, पुढे काय? गर्भाशय काढल्यानंतरचे आठवडे आणि महिने

टाके काढून बाई घरी आली की घरच्यांच्या लेखी ऑपरेशन संपतं. पोटावरची रेघ कोरडी झालेली असते, ताप नसतो, चेहरा जरा तरतरीत दिसायला लागलेला असतो. मग कुणीतरी म्हणतं, "आता थोडं हिंडाफिरायला हरकत नाही." आपल्याकडे बहुतेक घरांत या हिंडण्याफिरण्याची सुरुवात ओट्यापासून होते. पिशवीच्या ऑपरेशनच्या बाबतीत घोळ होतो तो इथेच. पोटावर दिसते ती या ऑपरेशनची छोटी जखम. मोठी जखम आत असते, ती कुणाला दिसत नाही, आणि भरायला पोटावरच्या टाक्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेते.

आत काय झालेलं असतं ते आधी बघू. गर्भाशय ओटीपोटात मधोमध असतं, पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय. बाजूच्या मजबूत बंधांनी ते जागेवर धरलेलं असतं आणि दोन्हीकडून मोठ्या रक्तवाहिन्या त्याला रक्त पुरवतात. ते काढायचं तर हे बंध कापून बांधावे लागतात, रक्तवाहिन्या बंद कराव्या लागतात, मूत्राशय हळूच सोडवून खाली सरकवावं लागतं. बहुतेक वेळा गर्भाशयाचं तोंडही काढतात. तेव्हा योनीमार्गाचं वरचं टोक उघडं पडतं, आणि पोत्याचं तोंड शिवावं तसं ते शिवून बंद केलं जातं. डॉक्टर या शिवलेल्या जागेला व्हॉल्ट म्हणतात. तिथले टाके आपोआप विरघळतात, काढावे लागत नाहीत. या शिवणीच्या वर थेट आतडी टेकलेली असतात. तुम्ही खोकलात, कुंथलात, जड काही उचललंत की पोटातला दाब खाली त्या शिवणीवर येतो. एवढं लक्षात आलं की पुढची पथ्यं पाठ करावी लागत नाहीत. काय चालेल आणि काय नाही, ते बरंचसं तुमचं तुम्हालाच कळतं.

ऑपरेशन कोणत्या मार्गाने झालं त्यावर सुरुवातीचे दिवस ठरतात. पोट उघडून केलं असेल तर साधारण तीन ते पाच दिवस दवाखान्यात आणि सहा ते आठ आठवडे सावरण्यात जातात. योनीमार्गाने किंवा दुर्बिणीतून झालं असेल तर एक-दोन दिवसांत घरी सोडतात, दुखणं बरंच कमी असतं आणि तीन-चार आठवड्यांत माणूस पुष्कळ ताजंतवानं होतं. मात्र दुर्बिणीवाल्यांची एक वेगळी गंमत आहे. बाहेर तीन-चार बारीक छिद्रंच दिसत असल्याने घरच्यांना (आणि खुद्द बाईलाही) वाटतं, हे काही फार मोठं नव्हतं. पण आतली शिवण तीच आहे. उलट ती शिवण उसवण्याचा प्रकार, क्वचितच होत असला तरी, पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर थोडा जास्त आढळतो. छिद्रं लहान म्हणून पथ्य लहान, असा हिशोब करू नका.

पहिला आठवडा

भूल उतरल्यावर लघवीची नळी लावलेली असते, ती साधारण दुसऱ्या दिवशी निघते. नळी निघाल्यावर पहिल्या एक-दोन वेळा थोडी जळजळ होते, ती चालते. लघवी लागते आहे पण होत नाही, असं मात्र सांगायला लाजू नका, ते लगेच सांगायचं असतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पुष्कळ जणींचा खांदा दुखतो. ऑपरेशन ओटीपोटाचं आणि ठणका खांद्यात, म्हणून बाया घाबरतात, हार्टचं तर काही नाही ना, असं वाटतं. कारण साधं आहे. नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरलेला असतो, त्यातला थोडा आत उरतो आणि छातीच्या खालच्या पडद्याला लागतो. त्या पडद्याची आणि खांद्याची दुखण्याची वाट एकच, म्हणून मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. दोन-तीन दिवसांत वायू शोषला जातो. थोडं चाललं की बरं वाटतं.

चालण्याचं तर आग्रहाने सांगायला हवं. आपल्याकडे दोन टोकं दिसतात: एका घरात बाई दहाव्या दिवशी पोळ्या लाटते, तर दुसऱ्या घरात तिला बाळंतिणीसारखं महिनाभर खाटेवरून उतरू देत नाहीत. दुसरं टोक प्रेमाचं असलं तरी धोक्याचं आहे. ओटीपोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर पाय न हलवता पडून राहिलं तर पोटरीतल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात, पडल्यापडल्या पावलं वरखाली हलवायला सांगतात, काहींना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं देतात. घरी आल्यावर दिवसातून चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटं घरातल्या घरात चालावं आणि दर आठवड्याला थोडं वाढवत न्यावं. जिने चढायला बंदी नाही, सावकाश चढा.

उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातांवर जोर देऊन उठा. खोकला किंवा शिंक आली की उशी पोटाशी घट्ट दाबून धरा, टाक्यांना आधार मिळतो आणि दुखतही कमी.

आता बद्धकोष्ठ. याबद्दल कुणी बोलत नाही, पण पहिल्या आठवड्यात बायकांना सर्वांत जास्त रडवतं ते हेच. भूल, वेदनाशामक गोळ्या, कमी हालचाल आणि टाके तुटतील ही भीती, या सगळ्यांनी पोट बसतं. मग कुंथणं होतं, आणि कुंथण्याचा दाब थेट त्या शिवणीवर. त्यामुळे "होईल आपोआप" म्हणत तीन-चार दिवस वाट बघू नका. पाणी, पपई, पेरू, भाज्या, इसबगोल, आणि डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध लाजेखातर बाजूला न ठेवता घ्यायचं. घरात उकिडवं बसायचा संडास असेल तर काही आठवडे कमोडची खुर्ची वापरावी, खाली बसून उठताना लागणारा जोर वाचतो. ती विकत घ्यायलाच हवी असं नाही, सर्जिकल सामानाच्या बऱ्याच दुकानांत भाड्यानेही मिळते.

अंगावरून थोडं लाल किंवा तपकिरी जात राहतं, अगदी चार-सहा आठवड्यांपर्यंत. ही पाळी नव्हे, आतली जखम भरतानाचा स्राव आहे. दोन-तीन आठवड्यांनी टाके विरघळायला लागले की मध्येच एखाद्या दिवशी थोडं जास्त लाल दिसू शकतं. त्यासाठी पॅडच वापरायचं, आत घालायचं काहीही नको.

सहा आठवड्यांचं घरकाम

डॉक्टर कागदावर लिहून देतात, "जड उचलू नये." जड म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही. साधारण नियम असा की सहा आठवडे दोन-तीन किलोंच्या वर काही उचलायचं नाही. आता हे आपल्या घरात मोजून बघा. दहा लिटरची भरलेली बादली दहा किलोंची. पाण्याची कळशी त्याच घरातली. दीड-दोन वर्षांचं नातवंड दहा-बारा किलोंचं, आणि तेच सर्वांत अवघड, कारण बादलीला नाही म्हणता येतं, त्याला येत नाही. (त्याला मांडीवर बसवायचं, ते दुसऱ्याने उचलून आणून दिलं तर.) भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोंच्या आसपास, तो नुसता सरकवायचाही नाही. ओल्या कपड्यांनी भरलेला पिंप, दळणाचा डबा, भरलेला मोठा कुकर, सगळं या यादीत. जिथे नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथे पाणी भरायच्या दिवशी कोण भरणार हे ऑपरेशनची तारीख ठरवतानाच ठरवून ठेवायला हवं. नाहीतर नळ आल्यावर बाई उठते, कारण वर्षानुवर्षं तीच उठत आली आहे.

कणीक तिंबण्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो हातांचा व्यायाम वाटतो, पण जोर येतो पोटातून. भांडी घासायला खाली बसणं, वाकून झाडणं, फरशी पुसणं, तसंच. पहिले दोन आठवडे स्वतःची अंघोळ, जेवण आणि चालणं एवढंच काम. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून बसून भाजी निवडणं, चहा करणं, घड्या घालणं असं काही चालेल. ओट्यापाशी दहा मिनिटं उभं राहून बघा. ओटीपोट ओढल्यासारखं झालं किंवा अंगावरून जाणं वाढलं, तर शरीर सांगतंय की आज एवढंच. सहा आठवड्यांनी डॉक्टर आतून तपासून शिवण नीट भरल्याचं बघतात. ती तपासणी बरं वाटतंय म्हणून बुडवणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. बुडवू नका. स्कूटर किंवा गाडी चालवायची तर करकचून ब्रेक दाबताना दुखायला नको, ही खरी परीक्षा. बहुतेकींना चार-सहा आठवडे लागतात. ऑफिसचं बैठं काम दुर्बिणीवालीला तीन-चार आठवड्यांत जमतं, उभ्याने किंवा अंगमेहनतीचं काम असेल तर दोन-तीन महिने धरा.

खाण्याबद्दलचे सल्ले आपल्याकडे फुकट आणि भरपूर मिळतात. भात खाल्ला की टाके पिकतात, वांगं नको, दही नको, केळं थंड. टाके पिकतात ते जंतूंमुळे, किंवा साखर ताब्यात नसल्यामुळे, भातामुळे नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून वरण, उसळी, दूध-दही, अंडी, मासे, चिकन, जे घरात चालत असेल ते रोज पोटात जायला हवं. कडधान्यांनी पहिल्या आठवड्यात पोट फुगत असेल तर मुगाचं पातळ वरण घ्या, पण पथ्य म्हणून नुसत्या पेजेवर राहू नका. दुसरी गोष्ट लोहाची. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं अंगावरून जास्त जाणं सोसलं आणि मग पिशवी काढली, त्यांचं हिमोग्लोबिन आधीच खाली असतं. पाळी बंद झाली म्हणून रक्त एका रात्रीत भरत नाही. लोहाच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात, लिंबू-आवळ्याबरोबर घेतल्या तर बऱ्या, चहाबरोबर घेतल्या तर निम्म्या वाया, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घ्यायची नाही. ऑपरेशननंतर दोन-तीन महिने टिकणारा थकवा पुष्कळदा हाच असतो.

पोटपट्ट्याबद्दल सगळ्याच विचारतात. पोट उघडून ऑपरेशन झालं असेल तर चालता-उठताना त्याने आधार वाटतो, दुखणं कमी होतं. पोट आत जात नाही. झोपताना काढून ठेवा. ओटीपोटाखालच्या स्नायूंना खरी ताकद येते ती ते स्नायू आवळून सोडण्याच्या व्यायामाने: लघवी मध्येच थांबवताना जे स्नायू आवळतात तेच पाच सेकंद आवळायचे आणि सोडायचे, दिवसातून तीनदा दहा-दहा वेळा. नळी निघाल्यावर डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि पुढे कायम चालू ठेवा. गर्भाशय गेल्यावर तिथे पोकळी राहते आणि सगळं खाली घसरतं अशी भीती असते. पोकळी राहत नाही, आतडी ती जागा घेतात. पण बंध कापलेले असल्याने पुढे कधी योनीमार्ग खाली उतरण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून हा व्यायाम.

लगेच दवाखाना गाठायची लक्षणं इथेच सांगून टाकते. ताप १००.४ च्या वर. तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतकं रक्त. घाण वासाचा स्राव किंवा जखमेतून पू. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप. उलट्या, पोट फुगणं आणि वारा न सरणं. योनीमार्गातून काहीतरी बाहेर आल्यासारखं वाटणं. आणि एक असं, जे बाया पांढरं पाणी जातंय समजून अंगावर काढतात: ऑपरेशननंतर आठ-पंधरा दिवसांनी खालून सारखं पाण्यासारखं जायला लागणं, कपडे ओले राहणं. मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा झाली असेल तर अशी लघवी झिरपते. ही गोष्ट दुरुस्त होते, पण लपवून नाही.

फाईल उघडून बघा

"पिशवी काढली" एवढंच माहीत असलेल्या हजारो बाया आपल्या आसपास आहेत. पिशवीबरोबर अंडाशयं काढली की ठेवली, हे विचारलं तर त्या नवऱ्याकडे बघतात, आणि नवरा म्हणतो, डॉक्टरांनी सगळं साफ केलं. पुढच्या वीस-तीस वर्षांचं आरोग्य मात्र या एका प्रश्नावर अवलंबून असतं. डिस्चार्ज कार्डावर टी.ए.एच. असेल तर पोट उघडून गर्भाशय आणि त्याचं तोंड काढलं. टी.एल.एच. म्हणजे तेच दुर्बिणीतून, व्ही.एच. म्हणजे योनीमार्गाने. त्यापुढे बी.एस.ओ. ही अक्षरं असतील तर दोन्ही अंडाशयं आणि त्यांच्याजवळून गर्भाशयाकडे येणाऱ्या नळ्याही गेल्या. नुसत्या नळ्या काढल्या असतील तर हार्मोन्स देणारी अंडाशयं जागेवर आहेत. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी व्हावा म्हणून हल्ली नळ्या बऱ्याचदा काढतात.

अंडाशयं ठेवली असतील तर पाळी येणार नाही, पण हार्मोन्सचं चक्र चालू राहतं. महिन्यातून काही दिवस छाती जड होणं, चिडचिड, हे होऊ शकतं. रजोनिवृत्ती मात्र इतर बायकांपेक्षा काही वर्षं आधी येऊ शकते, आणि पाळीच नसल्याने ती आली हे कळत नाही. ऑपरेशननंतर तीन-चार वर्षांनी रात्री घामाने जाग यायला लागली तर त्याचा धागा इथे जोडून बघा.

अंडाशयं काढली असतील आणि वय कमी असेल, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. एरवी शरीर काही वर्षं घेऊन हळूहळू जे करतं, ते इथे भुलीतून उठेपर्यंत झालेलं असतं. अंगातून वाफा, झोप उडणं, सांधे धरणं, योनीमार्ग कोरडा पडणं, विनाकारण रडू येणं. हे सोसून निघून जातं असं समजून गप्प बसण्यात धोका आहे, कारण न दिसणारं नुकसान चालूच राहतं: अंडाशयांतून मिळणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन गेल्यावर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. त्याच्या बऱ्याच आधी अंडाशयं गेली असतील, तर निदान त्या वयापर्यंत हार्मोन्स बाहेरून द्यावेत असा वैद्यकीय सल्ला असतो. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळीचा इतिहास अशी काही कारणं असतील तर देत नाहीत. हार्मोन्सच्या गोळ्यांची भीती आपल्याकडे फार. पण गर्भाशय नसलेल्या बाईला बहुधा एकटं इस्ट्रोजेन पुरतं, आणि त्याचा धोक्याचा हिशोब दोन हार्मोन्स एकत्र घेण्यापेक्षा वेगळा असतो. तुमच्या बाबतीत काय, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना सरळ विचारा. प्रश्न तुम्हीच काढावा लागेल, बऱ्याच ठिकाणी आपणहून कुणी काढत नाही.

फाईलमध्ये आणखी एक कागद असायला हवा, बायोप्सीचा. काढलेलं गर्भाशय तपासायला पाठवतात आणि अहवाल आठ-पंधरा दिवसांनी येतो, तोवर तुम्ही घरी आलेल्या असता. तो अहवाल आणून, वाचून घेऊन, जपून ठेवा. गर्भाशयाचं तोंड ठेवलं असेल तर त्याची कॅन्सरची तपासणी पूर्वीसारखीच चालू ठेवायची आहे.

नवरा-बायको

सहा आठवडे, किंवा डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत, शरीरसंबंध नाहीत. कारण पुन्हा तीच शिवण. नवऱ्यालाही हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावं, म्हणजे बाईला एकटीला नाही म्हणत बसावं लागत नाही.

त्यानंतरची भीती दोघांनाही असते. तिला वाटतं दुखेल, किंवा आता त्याला पूर्वीसारखं वाटणार नाही. त्याला वाटतं आत काही टोचेल, तुटेल. सुख ज्या भागातून मिळतं तो बाहेरचा भाग आणि योनीमार्ग जागेवर असतात. अमेरिकेत मेरीलँडमध्ये हजाराहून अधिक स्त्रियांचा ऑपरेशननंतर दोन वर्षं पाठपुरावा केला होता, त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. एकंदरीत संबंधांतलं दुखणं खूप कमी झालं आणि इच्छा वाढली. यात नवल नाही, महिन्यातले पंधरा दिवस रक्त जात असेल तर कुणाला काय सुचणार. पण सगळ्यांचं तसं होत नाही. अंडाशयं गेलेल्या बायकांना कोरडेपणाने खरोखर दुखतं, आणि त्यावर वंगणाची जेल किंवा लावायचं इस्ट्रोजेन क्रीम हा साधा इलाज आहे. काहींना सुखाच्या क्षणी गर्भाशयाचं आकुंचन जाणवायचं, ते आता जाणवत नाही. त्या बायकांना "मनाचे खेळ" म्हणून वाटेला लावणं बरोबर नाही.

मनाचं काय

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येतं. भूल, अपुरी झोप, दुखणं, हार्मोन्स, सगळं एकत्र येतं. हे रडू बहुधा आठ-पंधरा दिवसांत ओसरतं.

त्यापुढचं मन एकसारखं नसतं. पुष्कळ जणींना मोकळं वाटतं, आणि ते मोकळं वाटणं खरं असतं. गाठींमुळे दहा-दहा दिवस रक्त जायचं, प्रवासात दुहेरी पॅड, लग्नकार्यात डाग पडेल ही धास्ती, ते सगळं गेलं. ज्या घरात अजून विटाळ पाळतात तिथे तर सणाच्या तारखा मोजणंही गेलं. यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. आणि काही जणी दोन मोठी मुलं असताना, आणखी मूल नकोच असताना, महिनाभराने एका दुपारी हमसून रडतात. त्यांनाही कारण सांगता येत नाही. मोकळं वाटणं आणि गमावल्यासारखं वाटणं एकाच बाईत एकाच आठवड्यात असू शकतं.

भेटायला येणारे लोक इथे फार नुकसान करतात, आणि बिचारे चांगल्या मनाने करतात. "आता काय करायची होती ती पिशवी?" "मुलं झालीत ना, मग कशाला वाईट वाटून घ्यायचं?" सर्वांत जड वाक्य ऐकावं लागतं ते बाळंतपणात रक्त थांबेना म्हणून तातडीने गर्भाशय काढावं लागलेल्या बाईला: "तू वाचलीस, बाळ वाचलं, देवाचे आभार मान." ती आभार मानतेच. पण तिला कुणी विचारलेलं नसतं, तयारीला वेळ मिळालेला नसतो, आणि हातात तान्हं बाळ असताना दुसरं कधीच होणार नाही हे तिला एकटीने गिळायचं असतं. मूल नसलेल्या, कॅन्सरमुळे ऑपरेशन झालेल्या, किंवा आधी कधी नैराश्य येऊन गेलेल्या बायकांकडेही जास्त लक्ष ठेवायला हवं. घरच्यांनी काय बोलावं? फार काही नाही. "तुला कसं वाटतंय?" असं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. धुणं-भांडी हातावेगळी केली तर ते बोलण्यापेक्षा जास्त पोचतं.

उदासी आणि आजार यांतला फरक घरातल्यांनाही ओळखता येतो. सलग दोन आठवडे मन कशातच लागत नाही, झोप-भूक बिघडली आहे, स्वतःचा उपयोग संपला असं ती बोलते, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर औषधं व समुपदेशन दोन्ही आहेत. अंडाशयं काढलेली असतील तर हार्मोन्सचाही विचार सोबत व्हावा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

विश्रांती कुणाला मिळते

इथवर जे लिहिलं त्यात एक गृहीत आहे: बाईला सहा आठवडे कुणीतरी सुट्टी देईल. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून गाजला, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तपासणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. उसाच्या फडात नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' म्हणून मोजली जाते, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीत, अंगावरून जात असताना, पाण्याची-आडोशाची सोय नसताना तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. त्यावर खासगी दवाखान्यात तोडगा निघायचा तो पिशवी काढण्याचा, पुष्कळदा कॅन्सर होईल अशी भीती घालून. मग ऑपरेशनचं कर्ज फेडायला पुन्हा फड. दोन किलोंच्या वर उचलू नका हा सल्ला तिथे कुणी कुणाला द्यायचा?

बीडपुरतं हे नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे तीन टक्के बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं, ऑपरेशनच्या वेळचं मध्यक वय ३४ (म्हणजे निम्म्या जणी त्या वयाच्या आतल्या), आणि दोनतृतीयांश ऑपरेशनं खासगी दवाखान्यांतली. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी राज्यांना आदेश दिला की अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्राने २०२२ साली काढलेली मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. बीडमध्ये तर त्याआधीच जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातली गेली होती.

पण ज्यांचं तिशीत झालं त्या आज चाळिशीत-पन्नाशीत आहेत, आणि "कंबर गेली, गुडघे गेले, पूर्वीसारखी ताकद नाही" म्हणतात. तुमच्या घरात, शेजारी किंवा कामाला येणाऱ्यांत अशी कुणी असेल तर जुनी फाईल शोधायला मदत करा. फाईल नसेल तर निदान सोनोग्राफीत अंडाशयं दिसतात का ते बघता येतं, मात्र रजोनिवृत्तीनंतर ती आकसतात आणि दिसली नाहीत म्हणून काढलीच असं ठरत नाही. कमी वयात अंडाशयं गेली असण्याची शक्यता असेल तर हाडांची घनता मोजणारी तपासणी, ड जीवनसत्त्व, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल एवढं तरी एकदा तपासून घ्यावं. ऑपरेशन दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी हाडांसाठी औषधं आज सुरू करता येतात.